टार्पनच्या पाण्यावर जाताना : तुमची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या महिन्यात याच पानावर मी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या टार्पन माशाबद्दल लिहिलं होतं. माणसाएवढा लांब, चांदीच्या पत्र्यासारख्या खवल्यांचा हा मासा हवा घ्यायला वर येतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उंच उडी घेतो, आणि तिथले गाईड पाहुण्यांना आपल्या होडीतून त्याच्यापर्यंत घेऊन जातात, पकडलेला मासा परत सोडतात, एवढाच तो मजकूर होता. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या नागपुरातून त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीच पत्रं अशा घरांतून आली आहेत, जिथली मुलं तिकडे नोकरीला आहेत आणि उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात. काही पत्रं आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांवर गळ टाकून मोठे झालेल्यांची आहेत. मी स्वतः त्यातलाच. सिंचन विभागातून निवृत्त झालो, मुलगी फ्लोरिडातल्या टॅम्पाला असते, तिच्याकडे आतापर्यंत चार उन्हाळे राहिलो आणि दर वेळी टार्पनसाठी होडी केली. पाहिलं, केलं, चुकलं, त्यावरूनच उत्तरं देतो आहे.

प्रश्न : मुलगा ऑरलँडोला आहे. मे-जूनमध्ये आम्ही दोघं जाणार आहोत. माझं वय ६३, बी.पी.ची गोळी चालू आहे. लहानपणी अंबाझरीवर गळ टाकायचो, तेवढाच अनुभव. एक दिवस होडी केली तर टार्पन मिळेल का? खर्च किती येतो? हे वय झेपेल का?
— एक वाचक, मनीषनगर

महिना अगदी बरोबर निवडलात. एप्रिल ते जुलै टार्पन त्या किनाऱ्याला असतात आणि मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त. गॅस्परिला बेटाच्या टोकाला बोका ग्रांडे नावाचं गाव आहे, ऑरलँडोहून गाडीने साधारण तीन तास. टार्पनवाले त्याला या माशाची राजधानी म्हणतात. का म्हणतात, ते मला आमच्या खात्यातल्या सवयीने लगेच कळलं. शार्लट हार्बर ही मोठी थोरली खाडी, आणि तिचं पाणी समुद्रात जायची मुख्य वाट दोन बेटांमधली, अरुंद आणि खोल. एवढ्या मोठ्या जलाशयाला जणू एकच सांडवा! ओहोटी लागली की खाडीतले खेकडे, कोळंबी, बारके मासे त्या धारेबरोबर बाहेर वाहू लागतात आणि टार्पन तिथे वाट बघत उभे असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याची ओढ वाढते, म्हणून खेकडेही जास्त येतात. अंडी घालायला हे मासे दूर खोल समुद्रात जातात, तेही याच तिथींच्या सुमारास, आणि जाण्याआधी इथे जमतात. आपल्या नागपूरच्या माणसाला भरती-ओहोटीचा हिशेब ठेवायची सवय नसते, मलाही नव्हती. तेव्हा होडीचा दिवस ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि तिथी बघा.

एका दिवसात मिळेल का? टार्पन दिसतील, बहुधा एखादा गळालाही लागेल, पण होडीपर्यंत येईलच असं नाही. त्याच्या तोंडात आतून हाडच हाड, गळ रुतायला जागा फार थोडी. वर उडी मारताना तो डोकं असं झटकतो की गळ सुटून तुमच्याच अंगावर येतो. पहिल्या उन्हाळ्यात मला चार लागले, त्यातले तीन पहिल्या दोन उड्यांतच गेले. जमत असेल तर मध्ये एक दिवस सोडून दोन सकाळी घ्या. सकाळीच, कारण तिकडे उन्हाळ्यात दुपारनंतर विजा कडाडतात आणि मग कोणताही शहाणा गाईड पाण्यावर थांबत नाही.

पैसे पूर्ण होडीचे असतात, माणशी नाहीत. मला गेल्या खेपेला अर्ध्या दिवसाचे, म्हणजे चार-पाच तासांचे, आठशे डॉलर पडले. त्यावर पंधरा ते वीस टक्के टिप द्यायची रीत आहे, ती रोख आणि हातात द्या. तुम्ही धक्क्यावर पोचता त्याच्या आधी दोन तास त्या माणसाने अंधारात जाळं टाकून जिवंत आमिष गोळा केलेलं असतं. परवाना तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही, गाईडच्या परवान्यात पाहुणे धरलेले असतात.

गाईड निवडताना मी एकदा फसलो. नुसती स्वस्त जाहिरात बघून होडी ठरवली. त्या माणसाने सगळी सकाळ आम्हाला दुसऱ्या होड्यांच्या मागे फिरवलं, आणि मासे दिसले की इंजिन न थांबवता सरळ त्यांच्या अंगावर होडी घातली. पन्नासेक टार्पनचा जथा होता, बुडाला तो परत वर आला नाही. बाजूच्या होडीत एक म्हातारे गृहस्थ तासभर शांत उभे राहून त्या जथ्याची वाट बघत होते. त्यांची सकाळ आमच्यामुळे गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो की मासे दिसले की इंजिन कुठे बंद करता? ज्याला पाण्याची चाड आहे तो यावर दहा मिनिटं बोलतो. ज्याला नाही, तो दराकडे वळतो.

वयाचं म्हणाल तर आधी तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, गोळीची वेळ चुकवू नका आणि मुलाला सोबत न्या. दम लागला की रॉड त्याच्या हातात द्यायचा. तुम्हाला विक्रम नोंदवायचा नाही, मग त्यात कमीपणा कसला? आपण पंचेचाळीस अंश सोसलेली माणसं, पण तिथल्या बत्तीस अंशांत गळून जातो, कारण अंगावरचा घाम वाळतच नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याभोवती पातळ शेला, आणि पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा. चष्म्यावर काटकसर करू नका. त्याच्याशिवाय पाणी नुसतं चमकतं, त्याच्यासकट आतले मासे दिसतात.

आता अंबाझरीबद्दल. तिथे तुम्ही काय करायचात? मोरपिसाचा तरंगा बुडाला की झटका! तो हात तिकडे जाण्याआधी मोडायला हवा. टार्पनसाठी जिवंत आमिषाला जो गोल गळ लावतात त्याचं टोक आत वळलेलं असतं. झटका दिला की तो तोंडातून घसरून तसाच बाहेर येतो. माशाला आमिष घेऊन वळू द्यायचं, तंगूस, म्हणजे गळाचा दोर, ताणला की नुसतं रीळ फिरवत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. कळायला दोन मिनिटं लागतात, पण माझ्या हातात पन्नास वर्षांचा झटका भिनलेला होता. मग इथे घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर महिनाभर सराव केला. साठ फुटांवर लाल प्लास्टिकची बादली ठेवायची आणि वारा कधी पाठीवर, कधी तोंडावर घेऊन आमिषाच्या जागी बांधलेला रबरी तुकडा तिच्यात टाकायचा. बाजूच्या घरातली दोन पोरं त्या तुकड्याला धरून धूम पळायची, आणि मी हात न हलवता फक्त रीळ फिरवायचो. तुम्हीही तसंच करा. नातवंडं असतील तर फारच छान.

दुसरी सवय उडीची. मासा हवेत गेला की आपण घाबरून रॉड मागे ओढतो, आणि त्या क्षणी तंगूस तुटतो किंवा गळ निसटतो. तिथे उलट करायचं. उडी दिसली की कमरेतून वाकून रॉड माशाच्या दिशेने पुढे करायचा, दोर सैल पडू द्यायचा. तिकडचे लोक याला राजापुढे वाकणं म्हणतात. गाईड इंग्रजीत ओरडत होता, मला गडबडीत काही उमजेना, तेव्हा मागून मुलगी ओरडली, "बाबा, मुजरा!" तेव्हापासून हात चुकला नाही.

प्रश्न : टार्पन वर येऊन हवा घेतो असं तुम्ही लिहिलं. आमच्याकडे मरळही घेते. मग हे दोघं नात्यातले का? मरळ जशी आम्ही पाण्यावरच्या हालचालीवरून ओळखतो तसा टार्पन ओळखता येतो का?
— मूळचे साकोलीचे, सध्या नंदनवन

भाऊ, तुमचं पत्र वाचून मी उठून खिडकीत जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा टार्पन हवा घेताना बघितला तेव्हा मलाही साकोलीकडचा तलावच आठवला होता.

नातं काही नाही. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती हवा धरते. टार्पनच्या पोटातली हवेची पिशवीच आतून फुप्फुसासारखी जाळीदार असते आणि घशाला जोडलेली असते. वर यायचं, तोंडाने घोट घ्यायचा, खाली जायचं. रीत वेगळी, पण गरज एकाच प्रकारच्या पाण्यातून आली आहे. टार्पनची अंडी दूर समुद्रात फुटतात, त्यातून काचेसारखी पारदर्शक, फितीसारखी चपटी पिल्लं निघतात आणि वाहत वाहत किनाऱ्याच्या खारफुटीत शिरतात. तिथल्या डबक्यांत पाणी काळं, कुजकट, प्राणवायू जवळजवळ नाहीच. मोठे शिकारी मासे त्यात तग धरत नाहीत. टार्पनचं पिल्लू वरून हवा घेतं आणि सुरक्षित वाढतं. आपल्या धानाच्या बांधीत, उन्हाळ्यात आटलेल्या बोडीत मरळ जशी चिखलात टिकून राहते, तसंच.

ओळखण्याचं मला पहिल्यांदा एका ढिवरकाकांनी शिकवलं. आमच्या गावच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, त्यांना विचारल्याशिवाय कुणी गळ टाकत नसे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ते मला पाळीवर बसवायचे आणि गळ हातात द्यायचेच नाहीत. "पाय बे आधी," एवढंच म्हणायचे. मरळ वर आली की पाण्याला कसा आतून ओठ फुटल्यासारखा वळ उठतो, मग ती पुन्हा किती वेळाने आणि कोणत्या बाजूला उठते, हे बघत बसायचं. दोनदा उठली की तिची वाट कळते. तिसऱ्यांदा ती जिथे उठणार त्याच्या हातभर पुढे आमिषाचा बेडूक पडला पाहिजे, डोक्यावर नाही.

साठ वर्षांनी फ्लोरिडात त्या गाईडने होडीच्या मागच्या मचाणावर उभं राहून, लांब बांबूसारख्या काठीने होडी ढकलत, मला अगदी हेच सांगितलं. टार्पन हवा घ्यायला येतो तेव्हा आधी तोंड, मग चकाकणारी पाठ, मग पाठीवरच्या पंखाचा लांब दोरीसारखा शेवटचा काटा, असा कूस वळवत जातो. सावकाश, एकामागून एक वर येत असतील तर मासे निवांत आहेत, गळ घेतील. घाईने, पाणी उडवत येत असतील तर कशाने तरी बिथरलेत, थांबा. तोंड कोणत्या दिशेला होतं ते लक्षात ठेवायचं आणि आमिष त्याच्या पुढे काही फुटांवर, त्याच्या वाटेवर टाकायचं. आमिष माशाकडे चालून आलं तर तो पळतो, कारण कोणताही खेकडा टार्पनच्या अंगावर धावून जात नाही.

गाईड दिशा घड्याळाने सांगतो. होडीचं नाक म्हणजे बारा. "दहा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललेत." ऐकताच मान आणि रॉड दोन्ही तिकडे वळले पाहिजेत. तुम्हाला हे पहिल्याच सकाळी जमेल, भाऊ. ज्याने मरळीची वाट बघितली आहे त्याचे डोळे तयार असतात. मला जे गाईड आवडले ते सगळे ढिवरकाकांसारखे होते. कमी बोलणारे, आणि आधी पाहायला लावणारे.

प्रश्न : ह्यांना तुमचा लेख वाचून फार उत्साह आला आहे. मला एकच विचारायचं आहे. मासा खायचा नाही, परत सोडायचा, मग त्याला पकडून छळायचं कशासाठी?
— एक वाचक, धरमपेठ

ताई, प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. गळ लागलेल्या माशाला त्रास होतो. "सोडून दिला, विषय संपला" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी हा छंद सोडलेला नाही, पण तो कसा करावा याबद्दल माझी मतं एका सकाळी पक्की झाली, ती सांगतो.

आधी तिथला कायदा. फ्लोरिडात २०१३ पासून टार्पन पकडून ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. अपवाद फक्त विक्रमासाठी, त्याला पैसे भरून खास टॅग घ्यावा लागतो, तोही माणशी वर्षाला एकच. चाळीस इंचांपेक्षा मोठा मासा पाण्याबाहेर काढायलाही मनाई आहे. होडीत ओढून मांडीवर घेऊन फोटो काढायचे दिवस तिथे गेले, आणि मला ते फार योग्य वाटतं. एवढ्या वजनाचं शरीर पाण्याने तोललेलं असतं, ते बाहेर उचललं की आतून दुखावतं.

आता ती सकाळ. दुसरा उन्हाळा, बोका ग्रांडे. एक मोठी मादी लागली (मोठे टार्पन बहुतेक माद्याच असतात), गाईडच्या अंदाजाने साठ-सत्तर किलोची. मी तिला सावकाश खेळवत राहिलो. तंगूस तुटेल, ती जाईल, फोटो राहील, अशी भीती. पाऊण तास झाला तेव्हा गाईड म्हणाला, जोर लाव, नाहीतर तोडून टाक. मी ऐकलं नाही. तासाभराने तो पुन्हा म्हणाला. मुलगी म्हणाली, "बाबा, सोडा ना." मी म्हटलं, आलीच आता. ती खरंच आली होती, होडीपासून वीस फुटांवर, एका कुशीवर, तोंड उघडं, हवेचे घोट घेत. तेवढ्यात खालून एक रुंद, करडी सावली आली. हातोड्यासारखं डोकं. ते शार्क तिथे टार्पनच्या मागावरच असतात आणि थकलेला मासा त्यांना लांबून कळतो. पाणी एकदा उसळलं, मग लाल झालं. दोर हलका झाला. मी ओढून घेतला तेव्हा गळाला कल्ल्यांपर्यंतचं डोकं होतं. डोळा तसाच, मोठा, काळा, त्यात आकाश दिसत होतं. गाईडने वाकून शांतपणे गळ काढला आणि डोकं पाण्यात सोडलं. त्याच्या हातमोज्याला एक खवला चिकटून आला होता. तो त्याने माझ्या हातावर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. धक्क्यापर्यंत कोणी बोललं नाही.

शार्कने त्याचं काम केलं. मादी गेली ती माझ्या हावेमुळे. तिचं वय माझ्या मुलीएवढं असू शकेल, हे मला नंतर वाचून कळलं.

लहानपणी ढिवरकाका लाल पिलांच्या घोळक्याखाली पहारा देणाऱ्या मरळीवर गळ टाकू देत नसत. तेव्हा मी त्यांचं निमूटपणे ऐकलं होतं. इतक्या वर्षांनी, एवढा अनुभव गाठीशी असताना, मी गाईडचं ऐकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात जाण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी घालून घेतल्या. जाड तंगूस आणि दणकट रॉड, म्हणजे मासा लवकर आणता येतो. रॉड उंच धरून झुलवत बसायचं नाही, तो खाली, आडवा धरून मासा ज्या दिशेला जातो त्याच्या उलट ओढायचं. आणि अर्धा तास उलटला किंवा शार्क दिसला की कसलाही विचार न करता दोर तोडायचा. गाईडला हे होडीत चढण्याआधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी एक टार्पन पंचवीस मिनिटांत होडीपाशी आला. तो पाण्यातच ठेवून मी त्याचा खालचा जबडा धरला. दात बारीक, कानशीसारखे, माझ्या अंगठ्याची साल निघाली. गाईडने होडी अगदी हळू पुढे नेली, कल्ल्यांतून पाणी वाहू लागलं. दोन मिनिटं काही नाही. मग जबडा माझ्या बोटांवर मिटला, शेपटीचा एक जड फटका बसला, मनगट भिजलं आणि तो सरळ खाली गेला. थोड्या अंतरावर एकदा वर येऊन त्याने हवेचा घोट घेतला. तो घोट मी मोजला आणि बसलो. त्या दिवशी दुसरा गळ टाकला नाही.

ताई, यातून तुमच्या प्रश्नाचं पूर्ण समाधान होईल असा माझा दावा नाही. तुमच्या यजमानांना जाऊ द्या, पण तुम्हीही होडीत बसा. आणि अर्ध्या तासाने "सोडा आता" म्हणायचं काम तुमच्याकडे घ्या.

प्रश्न : अमेरिकेला जाणं आमच्या आवाक्यात नाही. कोकणात टार्पन मिळतो का?
— एक वाचक, सक्करदरा

टार्पनचा धाकटा भाऊ आपल्या समुद्रात आहे. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर, खाड्यांत, नदीच्या मुखांत तो राहतो, आपल्या दोन्ही किनाऱ्यांवरही. तोच वर वळलेला जबडा, तोच मोठा डोळा, तसाच पंखाचा लांब काटा आणि तशीच हवा घ्यायची सवय. पण आकार लहान, बहुतेक वेळा हातभराहूनही कमी. फक्त त्याच्यासाठी कोकणात जाऊ नका.

खाडीत गळ टाकायचा तर जिताड्यासाठी जा. खारफुटीच्या मुळांशी दबा धरतो, जोरात घेतो आणि तोही उडी मारतो. तांब मिळाली तर ती गळ घेऊन थेट मुळांत घुसते, हाताला चांगला व्यायाम होतो. जून-जुलैत किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा दिवाळीच्या आसपासचा बेत करा. त्या खाडीवरच्या कोळी किंवा गाबीत माणसाला त्याच्या दिवसाची मजुरी देऊन सोबत घ्या, आणि तो म्हणेल तेव्हाच निघा. कुठल्या वळणावर कोणत्या ओहोटीला जिताडा उभा असतो, हे त्याला घरच्या अंगणासारखं माहीत असतं.

प्रश्न : फ्लोरिडा की कोस्टारिका? जाहिराती दोन्हींच्या येतात.
— एक वाचक, खामला

पहिल्यांदा जाणाऱ्याने फ्लोरिडा. कोस्टारिकाचे टार्पन कॅरिबियन बाजूला, बारा देल कोलोरादो आणि तोर्तुगेरो इथे नदीच्या मुखांवर असतात. तिथे रस्ता जात नाही, होडीने किंवा छोट्या विमानाने पोचावं लागतं. पाऊस मुबलक, पाणी गढूळ, मुखाबाहेरच्या लाटा उंच. मासे भरपूर आहेत, पण बहुतेक वेळा मासा न दिसता, नुसत्या अंदाजाने गळ टाकायचा. माझा जावई जाऊन आला, तो खूश होता, तो पस्तिशीचा आहे. मला दिसणाऱ्या माशाकडे गळ टाकण्यात जास्त समाधान वाटतं, म्हणून माझा कल फ्लोरिडाकडे. नुसता हात बसवायचा असेल तर मेक्सिकोच्या काम्पेचेजवळच्या खारफुटीत दोन-चार किलोचे लहान टार्पन असतात, तेही चांगलं.

प्रश्न : आजोबा, टार्पन किती वर्षं जगतो? सगळ्यात मोठा केवढा पकडला? त्याचा खवला खरंच माझ्या तळहाताएवढा असतो का?
— इयत्ता पाचवी, लक्ष्मीनगर

बाळा, पन्नास वर्षांच्या वर सहज जगतो. शिकागोच्या शेड मत्स्यालयात एक टार्पन होता, तो १९९८ मध्ये वारला तेव्हा ६३ वर्षांचा होता. म्हणजे तुझ्या आजोबांच्या वयाचा. आतापर्यंतचा विक्रमी टार्पन पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात २००३ साली पकडला, २८६ पौंड ९ औंस, म्हणजे जवळजवळ १३० किलो. तुझ्या वर्गातली चार मुलं एका काट्यावर उभी केली तरी तोच भारी भरेल.

खवला तुझ्या तळहाताएवढा असतो, मोठ्या माशाचा तर थोडा मोठाही. टेक्सासमध्ये पोर्ट अरान्सस गावात एक जुनं हॉटेल आहे, टार्पन इन. तिथे येणारे लोक आपल्या माशाच्या खवल्यावर नाव-तारीख लिहून भिंतीवर लावायचे. हजारो खवले आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचाही एक आहे, १९३७ सालचा.

माझ्याकडे एकच आहे. एका मोठ्या मादीचा, माझ्या चुकीने मेलेल्या. त्यावर मी काही लिहिलेलं नाही. टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्याच्या डबीत, कापसात ठेवला आहे. अर्धा भाग चांदीसारखा चमकतो, उरलेला अर्धा पारदर्शक आणि पिवळसर आहे, कारण तो शेजारच्या खवल्याखाली झाकलेला होता. येत्या शनिवारी मी तो मासिकाच्या कार्यालयात आणून ठेवतो. आईला किंवा बाबांना घेऊन ये, आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघ. कडेला धर, वाळल्यामुळे तो ठिसूळ झाला आहे.